कला शाखेतून आलेल्या भावी शिक्षकांना भौतिक विज्ञान कसं शिकवावं?

नमस्कार सर. तुमचा प्रश्न मला कळला तो असा: तुम्ही भौतिकशास्त्रात एम.एस्सी. आणि मग बी.एड. केलंत, आणि यंदा एका अध्यापक विद्यालयात डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेच्या) वर्गाला विज्ञान शिकवायचं काम तुमच्याकडे आलं. वर्गातले बहुतेक छात्राध्यापक बारावी कला शाखेचे. दहावीनंतर विज्ञानाचं पुस्तक कुणी हातात धरलेलं नाही. तुम्ही जमेल तितकं सोपं करून सांगता, वर्ग माना डोलावतो, व्याख्या पाठ करून पेपरात लिहितो. पण सरावपाठाला गेल्यावर चौथीतल्या एखाद्या मुलाच्या साध्या ‘का’पाशी सगळे अडतात. तुम्ही विचारताय की आणखी किती सोपं करू, गणित वगळून टाकू का, आणि प्रयोगशाळा नसताना हे सगळं जमवू कसं.

मी बरीच वर्षं याच वर्गांना शिकवते आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

माझ्या मते अडचण अवघड-सोप्याची नाहीच. या छात्राध्यापकांपुढे आजवर विज्ञान आलं ते उत्तर म्हणून आलं, तेही प्रश्न पडण्याआधी. ‘घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान’ हे वाक्य त्यांनी शाळेत लिहून काढलं, परीक्षेत उतरवलं आणि सोडून दिलं. खिळा बुडतो पण लोखंडी जहाज तरंगतं, याच्याशी त्या वाक्याचा काही संबंध आहे हे कधी समोर आलंच नाही. आता तुम्ही तेच वाक्य आणखी सोप्या शब्दांत सांगितलंत तर ती ते सोपं वाक्य पाठ करतील. आणि उद्या स्वतःच्या वर्गात तेच सांगतील, कारण आपण जसे शिकलो तसंच शिकवतो. तेव्हा तुमचं काम माहिती हलकी करण्याचं नाही. निवडक चार-पाच गोष्टींबाबत तरी ‘हे आपल्याला कशावरून कळलं?’ या प्रश्नाचं उत्तर त्यांना स्वतःच्या पुराव्यानिशी देता आलं पाहिजे. ज्या शिक्षिकेला एकदा तरी असं उत्तर देता आलंय, ती मुलाच्या ‘का’ला घाबरत नाही. उत्तर माहीत नसलं तरी ते शोधायचं कसं, हे तिला ठाऊक असतं.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. वर्गात वीस जण असतील तर मी पुढे लिहितेय ते जसंच्या तसं जमेल. पन्नास असतील तर अर्ध्या वर्गाला निरीक्षणांच्या नोंदी लिहायला बसवून उरलेल्या अर्ध्याकडून प्रयोग करून घ्यावा लागेल. चाळीस मिनिटांच्या तासात प्रयोग आणि चर्चा दोन्ही होत नाहीत, म्हणून प्राचार्यांशी बोलून आठवड्यात एकदा तरी जोडतास मागून घ्या; हे मिळालं नाही तर बाकी सगळं लंगडं पडतं. अंतर्गत गुण तुमच्या हातात किती, यावरही बरंच ठरेल. आणि ही मुलं पुढे बहुधा पहिली ते पाचवीला शिकवणार, म्हणजे तिसरीपासून परिसर अभ्यास. सहावी ते आठवीच्या विज्ञानासाठी पदवी लागते. पण खेड्यातल्या द्विशिक्षकी शाळेत एकच बाई सगळे विषय घेतात, तेव्हा ‘विज्ञान माझा विषय नाही’ म्हणायची सोय तिथे नसते.

पहिला सल्ला कदाचित पटणार नाही: घटक कमी करा. सगळं थोडं थोडं उरकण्यापेक्षा वर्षाला चार विषय मुळापासून घ्या. मी घेते ते असे: पाण्यात तरंगणं-बुडणं, साधा विद्युत परिपथ, उष्णता आणि तापमान, आणि सूर्य-चंद्र-सावल्या. प्रकाशाचं अपवर्तन, आवर्त सारणी, न्यूटनचे तीन नियम हे सगळं अभ्यासक्रमात असेल तर एकेका तासात ओळख करून द्या, पुस्तकातलं पान नेमून द्या आणि पुढे चला. ‘पोर्शन पुरा झाला नाही’ ही भीती मला कळते. पण पाचवीपर्यंतच्या शिक्षकाला अणुक्रमांक आला नाही म्हणून कुणाचं फारसं अडत नाही. लाकडाचा जड ओंडका तरंगतो आणि हलकी टाचणी बुडते, याचा अर्थ त्याला लावता आला नाही, तर मात्र वर्गातल्या तीस मुलांचं नुकसान होतं.

परिपथ मी कसा घेते ते जरा जवळून सांगते, म्हणजे बाकीच्या घटकांचा अंदाज येईल.

प्रत्येक जोडीला एक सेल, टॉर्चचा एक जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब आणि वायरचा एकच तुकडा द्यायचा. होल्डर द्यायचा नाही. काम एवढंच: बल्ब पेटवा. पण साहित्याला हात लावण्याआधी प्रत्येकाने वहीत पेनाने चित्र काढायचं, की वायर कुठून कुठे लावली तर बल्ब पेटेल असं मला वाटतं. पेनानेच, म्हणजे नंतर खोडता येत नाही. जवळजवळ प्रत्येक वर्गात निम्म्याहून जास्त चित्रांत वायर सेलच्या वरच्या टोकापासून बल्बच्या बुडापर्यंत जाते आणि तिथेच संपते. म्हणजे नळातून बादलीत पाणी यावं तशी वीज बल्बमध्ये ‘येते’, असं त्यांच्या मनात असतं. मग प्रयत्न सुरू होतात. पंधरा-वीस मिनिटं काहीच पेटत नाही, आणि तेव्हा तुम्ही गप्प राहायचं असतं. एका बाकावर बल्ब लागला की वर्गात आरडाओरडा होतो, शेजारचे बघायला धावतात. धावू द्या.

त्यानंतर फळ्यावर दोन रकाने: पेटला ती सगळी चित्रं एकीकडे, पेटला नाही ती दुसरीकडे. आता विचारा, पहिल्या रकान्यातल्या सगळ्या चित्रांत सारखं काय आहे? हळूहळू कुणीतरी म्हणतं की सेलच्या दोन्ही टोकांना काही ना काही लागलंय. आणखी थोड्या वेळाने कुणीतरी म्हणतं की बल्बलाही दोन ठिकाणी लागलंय, बुडाला आणि बाजूच्या धातूला. इथे एक जुना, आधीच काळजीपूर्वक फोडून ठेवलेला बल्ब फिरवायचा. आतल्या बारीक तारेचं एक टोक बुडाशी गेलंय आणि दुसरं बाजूच्या आट्यांशी, हे डोळ्यांना दिसतं. म्हणजे सेलपासून निघून बल्बमधून जाऊन परत सेलपर्यंत एक अखंड वाट झाली. ही कल्पना वर्गाने स्वतःच्या शब्दांत मांडली, की तेव्हाच फळ्यावर ‘विद्युत परिपथ’ लिहायचं. आधी नाही.

हा क्रम मी कधी मोडत नाही. आधी अनुभव, मग स्वतःच्या शब्दांतलं वर्णन, आणि शेवटी नाव. नाव आधी दिलं की मुलांना वाटतं आपल्याला समजलं. विचारणं तिथेच थांबतं. तुम्हाला हे जड जाईल, कारण एम.एस्सी. झालेल्या माणसाच्या तोंडात शब्द तयार असतो.

दुसऱ्या जोडतासाला दोन बल्ब एकामागे एक. पुन्हा आधी भाकीत: कोणता जास्त प्रकाश देईल? बहुतेक जण म्हणतात, सेलच्या धन टोकाजवळचा, कारण पहिला बल्ब वीज वापरतो आणि दुसऱ्याला उरलेली मिळते. इथे व्यवहारातली एक अडचण आहे. एका सेलवर दोन बल्ब लावले तर प्रकाश इतका मंद असतो की दिवसा दिसतच नाही. दोन सेल घ्या आणि खिडक्या लावून घ्या. दोन्ही बल्ब सारखेच मंद दिसायला हवेत, पण बाजारात मिळणारे बल्ब तंतोतंत सारखे नसतात, त्यामुळे एखाद्या गटाला खरोखरच एक जास्त उजळ दिसतो आणि ते म्हणतात, ‘बघा, आम्ही म्हणालो होतो.’ अशा वेळी ‘नाही, दोन्ही सारखेच आहेत’ असं सांगून टाकू नका. त्यांनाच विचारा, हे बल्बमुळे आहे की जागेमुळे, कसं ठरवाल? कुणाला तरी सुचतंच की दोघांची अदलाबदल करून बघू. अदलाबदल केली की उजळ बल्ब दुसऱ्या जागीही उजळच राहतो, म्हणजे फरक बल्बचा, जागेचा नाही; पहिला बल्ब वीज खाऊन टाकत नाही. त्या पाच मिनिटांत वर्ग जे शिकतो ते कुठल्याही व्याख्येपेक्षा मोलाचं आहे: दोन कारणं मिसळलेली असतील तर ती वेगळी कशी करायची.

आणि मग एक फार चांगला प्रश्न येतो. आला नाही तर तुम्ही विचारा. विजेची धारा सेलमधून जितकी गेली तितकीच परत येत असेल, वापरली जातच नसेल, तर घरी महिन्याचं वीजबिल कशाचं येतं? इथे ऊर्जेची गरज वर्गाला आतून जाणवते. बिलावरचं ‘युनिट’ म्हणजे एक किलोवॅट-तास. १००० वॅटचा हीटर एक तास चालला की एक युनिट. प्रत्येकाला घरून जुनं बिल आणायला सांगा. कोणतं उपकरण रोज किती तास चालतं यावरून युनिटचा अंदाज काढायला लावा आणि बिलाशी ताडून पाहा. घरातला मुख्य वीजपुरवठा मात्र प्रयोगासाठी कधीही वापरायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठणकावून सांगा, कारण ही मुलं उद्या आठ-नऊ वर्षांच्या मुलांपुढे उभी राहणार आहेत. सेलची दोन टोकं नुसत्या वायरने जोडली तरी वायर आणि सेल तापतात, तेही क्षणभर दाखवून लगेच सोडवा.

‘वीज वापरली जाते’ ही समजूत कला शाखेच्या मुलांचीच असते असं मात्र समजू नका. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात लिलियन मॅकडरमॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या परिपथांबद्दल विद्यार्थ्यांचा विचार कसा चालतो याचा बारकाईने अभ्यास केला. तिथे विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकलेल्यांमध्येही हीच समजूत आढळली. हे मी वर्गात मुद्दाम सांगते. ‘आपण कला शाखेचे, आपल्याला कळत नाही’ हा न्यूनगंड त्याने बराच उतरतो.

आता गणिताबद्दल. वगळू नका, पण सूत्रापासून सुरुवात करू नका. या मुलांना गुणाकार-भागाकार येतो. भागून आलेल्या आकड्याचा अर्थ त्यांना लावता येत नाही, खरी अडचण ती आहे. घनता घेताना मी दोन पायऱ्या करते. पहिली पायरी आकारमानाची. औषधाच्या दोन सारख्या बाटल्या घ्या, एकीत ठासून वाळू भरा, दुसरीत सायकलचे छर्रे, आणि झाकणं घट्ट लावा. मोजपात्रातल्या पाण्यात बुडवल्यावर पाणी कोणती जास्त चढवेल? वर्गातले बरेच जण जड बाटलीवर बोट ठेवतात. प्रत्यक्षात पाणी सारखंच चढतं. वजन वेगळं आणि व्यापलेली जागा वेगळी, हे इथे सुटं होतं. ते सुटं झालं नाही तर पुढचा भागाकार निरर्थक आहे.

दुसरी पायरी भागाकाराची. आपल्याकडचा काळा दगड घ्या, काट्यावर वजन करा आणि मोजपात्रात पाणी किती चढतं ते बघा. समजा वजन ८७ ग्रॅम आलं आणि पाणी ३० मिलिलिटर चढलं. ८७ भागिले ३०, उत्तर २.९. आता विचारा: २.९ म्हणजे काय? वर्ग म्हणेल, घनता. पुन्हा विचारा: हो, पण २.९ काय? शांतता. मग कांद्यांकडे वळा. ३ किलो कांदे ९० रुपयांना घेतले, ९० भागिले ३ केलं, ३० आले. हे ३० काय? सगळे एका सुरात म्हणतात, किलोचा भाव. अर्धा किलो घेतले तर भाव बदलतो का? पोतं घेतलं तर? नाही. (घाऊकात भाव उतरतो, असं कुणीतरी म्हणतंच. म्हणू द्या, ते बरोबर आहे. आणि दगडाच्या बाबतीत मात्र तसं होत नाही, हे तपासायला एक निमित्त मिळतं.) घनता हा असाच एक भाव आहे: या दगडाच्या दर एक घन सेंटीमीटरला २.९ ग्रॅम. दगड फोडून एक तुकडा मोजायला लावा, भाव तोच येतो. मोजताना एक-दोन मिलिलिटर इकडे-तिकडे होणारच, तेव्हा उत्तर २.८ किंवा ३ आलं तर ते ‘चूक’ नाही. फरक कशाने पडला हे त्यांनाच बोलू द्या.

हे वाक्य तोंडी, पूर्ण, प्रत्येकाने म्हणायचं: ‘दर एक घन सेंटीमीटरला इतके ग्रॅम.’ आठवडाभर प्रत्येक तासाला. मग उलट प्रश्न: याच दगडाच्या १०० ग्रॅमच्या तुकड्याने पाणी किती चढेल? इथे सूत्र आठवून चालत नाही, अर्थ लागतो. ज्यांना हे जमलं त्यांना वेग, लोकसंख्येची घनता, औषधाचं प्रमाण, पगारातला टक्का, सगळं एकदमच सोपं वाटायला लागतं. गणित वगळलंत तर नेमकी हीच गोष्ट हातून जाईल. दोन पायऱ्या झाल्या की मग बुडणं-तरंगणं घ्या: पाण्याचा भाव १, ज्याचा त्याहून जास्त ते बुडतं, ज्याचा कमी ते तरंगतं. स्टीलची वाटी तरंगते आणि चमचा बुडतो, हे कोडं आता त्यांचं त्यांना सुटतं, कारण वाटीच्या पोकळीतली हवाही हिशेबात धरायची, हे कुणीतरी म्हणतंच. संत्रं सालीसकट तरंगतं आणि सोललं की बुडतं, हे शेवटी घरी करायला द्या.

चंद्राच्या बाबतीत तर तुमच्या वर्गाकडे मोठी शिदोरी आधीपासूनच आहे. वर्गातल्या अनेक मुली संकष्टी करत असतील. चंद्रोदयाची वेळ दिनदर्शिकेत बघून ताट वाढणाऱ्या या मुलींना ‘चंद्रकला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात’ असं मनापासून वाटतं, आणि आपण रोज पाहतो त्या चंद्राशी हे जुळत नाही, हे कुणी कधी दाखवून दिलेलं नसतं. म्हणून मी दिनदर्शिकेपासूनच सुरुवात करते. संकष्टीचा चंद्र संध्याकाळी सहाला का उगवत नाही? रात्री नवाच्या आसपासच का? पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळण्याच्या सुमारास उगवतो. पुढे तो रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा येतो. चतुर्थीपर्यंत तीन-चार दिवस जातात, म्हणजे उशीर अडीच ते सव्वातीन तासांचा. हा हिशेब मुलींनी स्वतः मांडला की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात, कारण लहानपणापासून पाळलेल्या एका वेळेचं कारण त्यांच्या हाती लागलेलं असतं.

सावलीची समजूत मात्र बोलून जात नाही. शुद्ध अष्टमीच्या आसपास दुपारी चार वाजता वर्गाला मैदानात न्या. सूर्य पश्चिमेकडे, आणि अर्धा चंद्र पूर्वेकडच्या आकाशात चढलेला. दोन्ही एकाच वेळी दिसतात. प्रत्येकाच्या हातात एक पांढरा चेंडू द्या आणि उन्हात उभं राहून तो चंद्राच्या दिशेने, चंद्राच्या शेजारी दिसेल असा धरायला सांगा. चेंडूचा जितका भाग उजळलेला दिसतो, तितकाच चंद्राचा दिसतो. पृथ्वीची सावली त्या चेंडूवर कुठे पडलीय, असं विचारलं की कुणीही काही बोलत नाही. मग अंधाऱ्या खोलीत एक बल्ब आणि तोच चेंडू घेऊन पूर्ण महिना फिरवून काढा. महिनाभराची नोंदवही आधी भरलेली हवी: तारीख, वेळ, दिशा, आकार, आणि क्षितिजापासून किती मुठी वर. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश भरते.

एक सूचना. हे जुलै-ऑगस्टमध्ये सुरू करू नका. आपल्याकडे पावसाळ्यात महिनाभर चंद्र दिसण्याची खात्री नसते, वह्या रिकाम्या राहतात आणि मुलांचा उत्साह जातो. मी पावसात घनता आणि परिपथ घेते, नवरात्र झालं की चंद्र. भाऊबीज ही कार्तिक शुद्ध द्वितीया. त्या संध्याकाळी पश्चिमेला बारीक कोर शोधण्यापासून नोंदवही उघडायला ती तिथी उत्तम. दुपारच्या सावल्याही त्याच सुमारास सुरू करा. उभ्या काठीची सावली सर्वांत आखूड कधी होते, ते दर पाच मिनिटांनी खूण करून शोधायला लावा. ती घड्याळातल्या बाराला नसते, कारण आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि आपण तिच्या पश्चिमेला आहोत. पुण्या-मुंबईकडे वर्षाची सरासरी धरली तर माध्यान्ह साडेबारानंतर होते, नागपूरकडे सव्वाबाराच्या आसपास.

उष्णतेवर थोडक्यात. स्टीलचं ताट आणि लाकडी पोळपाट रात्रभर एकाच खोलीत ठेवा, सकाळी हात लावायला द्या, कोणतं जास्त गार ते लिहून घ्या आणि मग दोन्हींना तापमापी लावा. आकडे सारखे येतात. दुसरा प्रश्न: बर्फाचा खडा लोकरीच्या शालीत गुंडाळला तर लवकर वितळेल की उशिरा? वर्ग जवळपास निम्मा-निम्मा फुटतो. बर्फाची लादी विकणारा ती भुशात आणि गोणपाटात का ठेवतो, हे नंतर विचारा. या दोन प्रयोगांवर दोन जोडतास पुरतात.

प्रयोग केला म्हणजे विज्ञान शिकवलं, असं मात्र नाही. ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती पेटवून तिच्यावर ग्लास पालथा घालायचा, मेणबत्ती विझते, पाणी चढतं. ‘ऑक्सिजन संपला, म्हणून त्याच्या जागी पाणी आलं’ असं सांगून यावरून हवेत एकपंचमांश ऑक्सिजन असल्याचं सिद्ध करायचं, ही पद्धत अजून सर्रास चालते. हे स्पष्टीकरण टिकत नाही. एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवून बघा, पाणी जास्त चढतं. ग्लासातली हवा तेवढीच असताना असं का व्हावं? शिवाय पाणी मुख्यतः ज्योत विझल्यावर चढतं. तापून फुगलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते, हे त्याचं मोठं कारण, आणि ज्योत विझते तेव्हाही ग्लासात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. मी हा प्रयोग मुद्दाम घेते, नेहमीचं स्पष्टीकरण मुलांकडूनच वदवून घेते आणि मग तीन मेणबत्त्या पुढे करते. छापलेल्या स्पष्टीकरणालाही प्रश्न विचारता येतो, हे भावी शिक्षकाने एकदा तरी अनुभवायला हवं.

वर्गात तुम्हाला सर्वांत जास्त छळेल तो प्रश्न, ‘सर, पण बरोबर काय?’ त्यावर लगेच उत्तर दिलंत की पुढच्या वेळी कुणी विचारच करणार नाही. उत्तर दडवून चिडवायचंही नाही. मी विचारते, ‘तुला काय वाटतं? आणि ते पटवून द्यायला काय करून दाखवशील?’ पहिला महिना वर्ग नाराज असतो. ‘मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच करायला लावतात’, अशी तक्रार प्राचार्यांपर्यंत जाते. म्हणून प्राचार्यांना सुरुवातीलाच विश्वासात घ्या. दिवाळीनंतर सूर बदलतो. तरीही प्रत्येक घटकाच्या शेवटी आपण काय ठरवलं आणि कशावरून, हे तुमच्या हाताने फळ्यावर स्पष्ट लिहा. अधांतरी सोडलं तर कच्ची मुलं आणखी गोंधळतात.

कॉलेजातला हा अनुभव थेट चौथीच्या वर्गात उतरत नाही. सरावपाठाला छात्राध्यापक भागाकारासकट घनता शिकवायला निघतात; त्यांना थांबवा. चौथीच्या मुलांसाठी दहा वस्तू, एक बादली, आधी अंदाज आणि मग पडताळा, एवढं पुरे. शिक्षकाला मुलांपेक्षा खोल कळायला हवं ते सगळं ओतण्यासाठी नाही. मुलाच्या बोलण्यात विचार कुठे आहे, हे ओळखता यावं म्हणून. त्यामुळे पाठटाचणात मी एक रकाना वाढवून घेतला आहे: ‘मुलं काय म्हणतील असं मला वाटतं’. पाठ झाल्यावर त्याशेजारी ‘प्रत्यक्षात काय म्हणाली’. पाठाच्या निरीक्षणात मी सर्वांत आधी तोच रकाना वाचते.

परीक्षेचं काय? वार्षिक पेपर बदलणं तुमच्या हातात नसेल, पण चाचण्या असतात. व्याख्या विचारू नका. असं विचारा: ‘एक मूल म्हणतं, जड वस्तू बुडतात आणि हलक्या तरंगतात. त्याचं म्हणणं तपासायला तुम्ही कोणत्या दोन वस्तू द्याल, आणि का?’ किंवा परिपथाची चार चित्रं देऊन, बल्ब न पेटणाऱ्या प्रत्येक चित्रात वाट कुठे तुटली ते विचारा. वही उघडून लिहू द्या. यात नवं काही नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ सरकारी शाळांत १९७२ साली सुरू झालेला आणि २००२ पर्यंत चाललेला विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम याच वाटेने गेला. तिथे मुलं करणार ते प्रयोग शिक्षकांनी प्रशिक्षणात स्वतः केले आणि परीक्षेत पुस्तक उघडायची मुभा होती. खेड्यातल्या साध्या शाळांत हे तीस वर्षं चाललं, तर अध्यापक विद्यालयात का जमू नये?

शेवटी साहित्य. प्रयोगशाळेची वाट पाहू नका. दोन मोजपात्रं, चार तापमापी, एक स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, सेल, बल्ब, वायर, पांढरे चेंडू. बाकी घरून येतं. पुण्यात ‘आयुका’ या खगोलविज्ञानाच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी आहेत, त्यांचे व्हिडिओ मराठीतही मोफत मिळतात. जमलं तर वर्गाला तिथे घेऊन जा, मात्र प्रत्येक खेळण्याबरोबर एक प्रश्न घेऊन परतायचं, अशी अट घाला. टॉर्चचे तारेचे बल्ब आता सहज मिळत नाहीत, कारण सगळीकडे एलईडी आले. दुकानदार एलईडी देऊ करेल, तो सुरुवातीला घेऊ नका: एका सेलवर तो पेटत नाही, उलटा लावला तर दोन सेलवरही पेटत नाही, आणि वर्गाचा गोंधळ उडतो. जुन्या बाजारातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात विचारा, अडीच व्होल्टचे बल्ब अजून मिळतात. दोन वर्षांचा साठा एकदमच घ्या, आणि सेल सगळे एकाच वेळी, एकाच बनावटीचे. नव्या सेलशेजारी जुना सेल आला की दोन गटांची उत्तरं जुळत नाहीत, आणि अर्धा तास तो सेल शोधण्यात जातो.